हेरिटेज वॉक एक नंबर, पण पन्हळीचं कोण बघणार? (साडेतीन स्टार)

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी कामाचं आधी सांगतो. रविवारी सकाळी साडेसहाला कोल्हापूरच्या दसरा चौकात जमायचं, अडीच तास चालणं, माणशी ३५० रुपये, शेवटी मिसळ आणि चहा त्यातच. गाईड पोरगा चांगला आहे, आवाज खणखणीत, माहिती ऐंशी टक्के बरोबर. गुडघे दुखत असतील तर काठी घेऊन जावा, मधे बसायची कुठंही सोय नाही. बारक्या पोरांना नेऊ नका, अर्ध्या तासात "मिसळ कधी" सुरू होतंय. ग्रुपचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढं एकदोन गोष्टी टोचणाऱ्या लिहिणार आहे, पोरं मनापासून करत्यात, त्यांना उगाच ताप नको. आणि असले वॉक करणारे आपल्याकडं एकापेक्षा जास्त आहेत, शोधलं की सापडतील.

आता माझं. तेहतीस वर्षं सरकारी बांधकामात काढली, शाखा अभियंता म्हणून रिटायर झालो, कुठल्या ऑफिसात ते विचारू नका. त्यामुळं जुनी इमारत दिसली की लोक कमान बघतात, मी पन्हळ बघतो. बायको म्हणते हा रोग आहे. असेल. वॉकचं बुकिंग पोरीनं पुण्यातनं केलं, "बाबा घरात बसून टीव्हीवर ओरडण्यापेक्षा जरा फिरून या" म्हणून. बुकिंगच्या मेसेजमधे एक ओळ होती, ती वाचून मी खरं तर गेलो. ओळ अशी की प्रत्येक तिकिटातले ५० रुपये "ऐतिहासिक इमारतीच्या जतनासाठी" बाजूला काढले जातात. म्हटलं बघूया तरी, हे पन्नास रुपये कुठल्या हेडला जमा करत्यात.

सकाळी थंडी बरी होती. आम्ही धरून चौदा जण, त्यात चार कॉलेजची पोरं, एक डॉक्टर जोडपं, इचलकरंजीहून आलेले तिघं, बाकी आमच्यासारखे. सुरुवात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी. इथं गाईडनं बोर्डिंगांची माहिती दिली, आणि ती छान दिली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागनं एक वसतिगृहं महाराजांनी उभी केली, दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पोरगं पुढं एक वाक्य बोललं त्यासाठी त्याला अर्धा स्टार जादा दिलाय. म्हणाला, "महाराजांनी नुसत्या जागा नाही दिल्या, वर्षाचं उत्पन्न पण लावून दिलं." बघा. जुन्या काळी देऊळ बांधलं की दिवाबत्तीचं इनाम लावून द्यायचे, म्हणजे दगड बसवणारा गेला तरी तेल घालणारा राहिला पाहिजे. आपण आता नेमकं उलटं करतो. नारळ फोडायला पैसा आहे, तेलाला नाही.

तिथनं टाऊन हॉल. लहानपणापासनं बघतोय, तरी सकाळच्या उन्हात समोरची दोन टोकदार शिखरं बघून जरा थांबायला होतंय. १८७२ ते ७६ मधलं काम, आर्किटेक्ट चार्ल्स मँट, इंग्रजांच्या फौजेतला इंजिनीअर. न्यू पॅलेस त्याचाच, बडोद्याचा लक्ष्मी विलास पण त्याचाच आराखडा. आता इथं गाईड घसरला. आपलं बांधकाम कोसळणार असं मँटच्या डोक्यात बसलं आणि त्या भीतीनं तो गेला, ही गोष्ट त्यानं न्यू पॅलेसला चिकटवून सांगितली. ही गोष्ट लोक बडोद्याच्या नावानं सांगतात, आणि तीपण गोष्टच. खरं एवढंच की मँट १८८१ ला वारला आणि न्यू पॅलेस १८८४ ला पुरा झाला. मी तिथं काही बोललो नाही, पोराचा रंग कशाला घालवायचा, पण नंतर चहाच्या वेळी हळूच सांगितलं आणि त्यानं वहीत लिहून घेतलं. हे आवडलं मला. आमच्या खात्यात चूक दाखवली की माणूस आधी तुमची सीनियॉरिटी बघायचा.

टाऊन हॉलच्या आत वॉक जात नाही, तेवढ्या सकाळी म्युझियम उघडं नसतंय. नंतर आपापलं जावा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठाला, १९४५-४६ ला उत्खनन झालं आणि तिथल्या वस्तूंमुळं हे म्युझियम उभं राहिलं. ब्रह्मपुरीलाच सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्रॉन्झची छोटी मूर्ती कोल्हापूरच्या नावावर आहे, सातवाहनांच्या काळात आपला व्यापार कुठवर होता बघा. आबालाल रहिमानांची चित्रं पण इथंच बघायची. कोल्हापुरात जन्म काढून न बघितलेली माणसं मला माहितायत, नावं घेत नाही, एक घरातच आहे.

इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी इथं विचारलं, म्युझियमच्या तिकिटाच्या पैशातनं इमारतीची दुरुस्ती होत असेल ना? गाईड म्हणाला, "हो, होत असणार." इथं मात्र मला राहवलं नाही. नाही हो होत. सरकारी ऑफिसात गोळा झालेला रुपया परस्पर खर्च करता येत नाही, तो आधी चलनानं कोषागारात जातो, शासनाच्या मोठ्या हौदात पडतो, आणि इमारतीला जो पैसा मिळतो तो बजेटात तिच्या नावानं जी तरतूद असेल त्यातनंच. तिकीट दहा रुपयाचं करा नाहीतर पाचशेचं, इमारतीला त्याचा पत्ता नसतो. नियम वाईट नाही, उद्या प्रत्येक ऑफिस आपली कमाई आपणच उडवायला लागलं तर हिशोब कुणी ठेवायचा. पण त्याचा परिणाम असा की इमारतीनं कितीही माणसं खेचली तरी ती गरीबच.

आणि बजेटात पण दोन कप्पे. सरकारी बांधकामात काम केलेल्या कुणालाही विचारा, २०५९ आणि ४०५९ हे आकडे झोपेत सांगेल. २०५९ म्हणजे चालू खर्च, देखभाल, डागडुजी. ४०५९ म्हणजे भांडवली, नवीन काम. ४०५९ ला बोर्ड लागतो, कुदळ मारली जाते, फोटो येतो. २०५९ च्या कामाचं उद्घाटन मी तेहतीस वर्षांत एकदाही बघितलं नाही. कौलं चाळली म्हणून कुणी फीत कापत नाही. वर आमच्याकडं देखभालीचा पैसा चौरस मीटरवर वाटला जायचा, म्हणजे १९८५ ची सिमेंटची क्वार्टर आणि १८८५ ची दगडी कचेरी, दोघींना मीटरमागं भाव जवळपास सारखाच. एकीला डिस्टेंपर मारला की झालं, दुसरीचं छप्पर उतरवायला परांची बांधायचेच पैसे पुरायचे नाहीत.

जरा भरकटलो. रिव्ह्यू आहे, परत येतो.

सीपीआर हॉस्पिटल आणि त्याच्या समोरची कोर्टाची जुनी इमारत, हा वॉकमधला सगळ्यात भारी तुकडा. सीपीआरची जुनी इमारत पण १८८० च्या दशकातली, मूळ नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, पुढं छत्रपती प्रमिलाराजेंचं नाव लागलं. रविवारी सकाळी सुद्धा गेटात नातेवाईक, डबे, स्ट्रेचर, रिक्षा. गाईडनं इथं फार वेळ घेतला नाही आणि आवाज पण खाली आणला, त्याला मार्क. पण मला वाटतं की जतनाचा सगळ्यात अवघड पेपर हाच. म्युझियम काय, आठ दिवस बंद ठेवून काम करता येतं. दवाखाना कसा बंद ठेवायचा? आणि पैसा आलाच तर आधी औषधं, मशिनं, खाटा, मग कमानी. कुणी तसं ठरवलं तर त्याला चूक म्हणायची माझी तरी हिंमत नाही. माझी दोन्ही पोरं तिथंच जन्मली.

समोरच्या कोर्टाचं वेगळं. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला गेल्यावर ही इमारत मागं राहिली होती. मग चाळीसेक वर्षांचं वकिलांचं आंदोलन फळाला आलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. १ ऑगस्ट २०२५ ला अधिसूचना, १७ ला उद्घाटन, १८ ला कोर्ट सुरू. तुम्ही त्या दिवसांत तिथनं गेला असाल तर आठवत असेल, रात्री पण लाईट चालू, दगड धुतायत, लाकूड घासतायत, फरशी बसवतायत. मी त्या वेळी रोज संध्याकाळी फिरायला म्हणून तिथं जाऊन उभा राहायचो, बायकोला सांगायचो रंकाळ्यावर गेलतो.

हे बघून शहरातले सगळे खूश, मी पण खूश, पण एक गोष्ट डोक्यातनं जाईना. वर्षानुवर्षं ज्या इमारतींच्या फायलीवर "निधी उपलब्ध नाही" हा शेरा पडतो तिथं निधी नसतो असं नाही, तिथं घाई नसते. न्यायमूर्ती येऊन बसणार म्हटल्यावर घाई आली, घाई आली की पैसा आला. म्हणजे इमारत वाचवायची तर तिच्यात कुणीतरी बसलं पाहिजे ज्याच्या डोक्यावर गळलेलं सरकारला चालणार नाही. हे मी चेष्टेत लिहीत नाही. वापरात असलेली इमारत टिकते, कुलूप लावलेली मरते, हे कुठलाही गवंडी सांगेल. आता पुढं शेंडा पार्कला कोर्टाची मोठी कायमची इमारत व्हायची चर्चा आहे, ती व्हायलाच पाहिजे, पण मग ही परत रिकामी झाल्यावर काय, हा प्रश्न डॉक्टर बाईंनी विचारला आणि सगळे गप्प. चांगल्या वॉकमधे असे गप्प क्षण यायला पाहिजेत, आले.

तिथनं महापालिकेवरनं शिवाजी चौक आणि भवानी मंडप. हा भाग लवकर उरकला, गर्दी वाढायला लागलेली, देवीला आलेल्यांच्या गाड्या, फुलवाले, फोटोवाले. गाईडला माईक द्या कुणीतरी. मागं उभं असलेल्याला काही ऐकू येत नव्हतं, अर्धा स्टार इथं गेला.

वाटेत एक जुनी सरकारी इमारत लागली, कुठली ते लिहीत नाही. तिथं मी मागं रेंगाळलो. भिंत काळ्या दगडाची, मूळ दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, चुन्याच्या, पण खालचा पुरुषभर भाग कधीतरी सिमेंटनं पॉइंटिंग केलेला. घराच्या किल्लीनं टकटक केली तर वरचा चुना भरीव वाजतो आणि खालचं सिमेंट पोकळ. किल्ली जरा आत घातली तर विटीएवढा सिमेंटचा तुकडा हातात आला, आणि मागं माती झालेला ओला चुना. कॉलेजचं एक पोरगं बघत होतं, त्याला दाखवलं. चुना श्वास घेतो रे, भिंतीत शिरलेलं पाणी दरजेतनं बाहेर जातं. सिमेंटनं तोंड बंद केलं की पाणी आत अडकतं, मग आतल्या बाजूला गिलाव्याला लोणा फुटतो, रंग पापड होऊन पडतो, आणि साहेब म्हणतात परत रंग मारा. दर दोन वर्षांनी रंग, आणि त्याचं बिल मात्र बिनबोभाट निघतं. पोरगं म्हणालं, "मग काका, चुना का नाही वापरला?" आता त्याला काय सांगू. दरसूचीत सिमेंटचा आयटम तयार असतो, क्लार्कला एक ओळ उचलून टाकायची असते. चुन्याचा दर वेगळा काढायचा म्हणजे दरपृथक्करण करा, वरनं मंजुरी घ्या, कळीचा चुना भिजवायला दिवस धरा, घाणीवर मळायचा खर्च धरा, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं तर ऑडिटवाला विचारणार की बांधकामाला गूळ कशाला? मी एकदा खरंच लिहिलेला, कोल्हापुरी गूळ, अमुक किलो. फाईल परत आली, शेरा, "सदर बाबीचा खुलासा करावा." ऑफिसात सहा महिने मला गूळवाला म्हणत होते.

वर बघितलं तर पन्हळीतनं पिंपळाचं रोप आलेलं, हातभर. पन्हळीत पारव्यांची घाण, पाला, आणि एक लाल प्लास्टिकचा क्रिकेटचा बॉल, खालनं दिसत होता. पाणी उतरायचा पाईप तिथंच तुंबलेला असणार कारण खाली भिंतीवर हिरवा-काळा ओघळ पार जोत्यापर्यंत. दोन माणसं, एक शिडी, अर्धा दिवस. मृगाच्या आधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा. एवढंच काम आहे हो ते.

नोकरीत नवीन असताना एका तालुक्याच्या जुन्या कचेरीचं असंच एस्टिमेट केलेलं, पन्हळी साफ करणे, दोन बदलणे, कौलं चाळणे, सगळं मिळून अठरा हजार. नामंजूर, देखभालीचा निधी शिल्लक नाही. दुसऱ्या वर्षी परत टाकलं, तिसऱ्या वर्षी परत. सहाव्या वर्षी वाशाची टोकं कुजून छपराचा एक कोपरा बसला, रेकॉर्ड भिजलं, पेपरात बातमी आली आणि चौदा लाख मंजूर. मार्चमधे. ३१ तारखेच्या आत खर्च करायचे नाहीतर परत जाणार, म्हणून जुनं सागवान उतरवून वर लोखंडी अँगल आणि पत्रा. एमबीवर, म्हणजे मोजमाप वहीवर, सही माझीच आहे. त्या कचेरीवरनं एसटी जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतनं बघतो.

शेवटचा थांबा खासबाग आणि केशवराव भोसले नाट्यगृह. इथं गाईड फार बोललाच नाही आणि ते बरोबर केलं. १९१३ ते १५ मधे महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, शेजारी कुस्तीचं मैदान, नाटक आणि कुस्ती भिंतीला भिंत लावून, असं दुसरं गाव दाखवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्री मी पण तिथं रस्त्यावर होतो, अर्धं कोल्हापूर होतं, म्हातारी माणसं रडत होती, आणि मला लाज वाटते सांगायला पण माझ्या डोक्यात चाललेलं की आता निधीला अडचण येणार नाही. तसंच झालं, दुसऱ्या दिवसापासनं कोटींच्या घोषणा. येऊ देत, यायलाच पाहिजेत, तसंच्या तसं उभं राहिलं पाहिजे. पण जळल्यावर मिळणारा पैसा आणि जळू नये म्हणून लागणारा पैसा यांची गाठ आपल्याकडं कधी पडतच नाही. आणि वासे, रंगमंचाचं लाकूड, शंभर वर्षांत त्यावरनं चाललेली पावलं, हे कुठल्या आयटमखाली धरायचं?

मिसळ चांगली होती. कट झणझणीत, पाव ताजा, जादा रस्सा मागितला तर तोंड वाकडं केलं नाही. बायकोनं दोनदा घेतला. मिसळीला पाच स्टार.

आणि इथं मी पन्नास रुपयांचं काढलं. गाईडबरोबर ग्रुप चालवणारी पोरगी पण होती, तिशीच्या आतली, आर्किटेक्ट. म्हटलं बाई, चौदा गुणिले पन्नास सातशे झाले, पावती? ती जरा ओशाळली. पावती नाही. डबा आहे, वही आहे, तारीखवार लिहिलेलं, एकूण ४१ हजार आणि वर काहीतरी. मग खर्च काय केला? तर काहीच नाही. मी म्हटलं का? तर म्हणाली, "काका, घ्यायलाच कोणी तयार नाही." एका ऑफिसात गेली, पैसे देतो, पन्हळ साफ करून घ्या. साहेब म्हणाले असं खाजगी पैसे घेता येत नाहीत. बरं मग आम्हीच माणसं लावून करतो. तर म्हणाले परवानगी लागेल, वरनं माणूस पडला तर जबाबदारी कुणाची. बरं लेखी द्या. लेखी कोण देणार! तीन फेऱ्या झाल्या, डबा आहे तिथंच.

इथं मला तिचा राग यायच्या ऐवजी हसू आलं, आणि मग वाईट वाटलं. त्या खुर्चीत मी बसलो असतो तर मीपण हेच उत्तर दिलं असतं, शब्दशः.

पण मेसेजमधे "जतनासाठी" लिहून पैसे घ्यायचे आणि ते डब्यात ठेवायचे हे चालणार नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं. तक्रार म्हणा, सूचना म्हणा. एकतर पावती द्या, जमा-खर्च ग्रुपवर टाका, नाहीतर ती ओळ काढा. तिनं मान्य केलं, वाद घातला नाही. अर्धा स्टार तरीपण कापतोय, पुढच्या वेळी पावती दिसली की परत लावीन. माईकचा अर्धा, याचा अर्धा, आणि मेसेजमधे टाऊन हॉलचा फोटो मोठा लावून आत नेत नाहीत त्याचा एक. गाईडचा जादा अर्धा धरून साडेतीनच होतंय, गणित करून बघा.

मग बराच वेळ बसलो, चहा परत मागवला. तिला वाट काय आहे ते सांगितलं, जेवढी मला कळते तेवढी. मुंबईत हे जमलंय. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम, इमारत महापालिकेची, पैसा महापालिकेचा आणि बजाज फाउंडेशनचा, तज्ज्ञ इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचे, तिघांनी करार करून केलं आणि २००५ ला युनेस्कोचं बक्षीस मिळालं. राजाबाई टॉवरला टीसीएसनं पैसा दिला. कंपनी कायद्यात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत ऐतिहासिक इमारतींची डागडुजी सरळ सरळ लिहिलेली आहे, परिशिष्ट सातमधे, नफ्याच्या दोन टक्क्यातनं करता येतं. आपल्याकडं फौंड्र्या आहेत, सूतगिरण्या आहेत, साखर आहे, त्या नियमात बसणाऱ्या कंपन्या नक्की असणार. राज्य संरक्षित स्मारक असेल तर दत्तक घ्यायची महाराष्ट्र वैभव योजना आहे. केंद्राचा १९९६ पासनं राष्ट्रीय संस्कृती निधी आहे, त्यात एखाद्या ठराविक स्मारकासाठी म्हणून पैसा देता येतो. म्हणजे दरवाजे आहेत. पण सगळ्या दारांवर कागद मागतात, करार, नकाशे, एस्टिमेट, आणि ४१ हजाराचा डबा घेऊन गेलेल्या पोरीला तिथं कोण उभं करतंय. कंपनीवाल्यांना पण पन्हळ नको असते, त्यांनाही कमानीवर लाईट पाहिजे असतात, खाली नावाची पाटी.

मी म्हटलं, माझं ऐकशील तर हा पैसा दुरुस्तीला देऊच नको, कागदाला लाव. एक इमारत धर, एकच. तिची मोजमापं घे, प्लॅन काढ, छपराचा प्लॅन, पाणी कुठनं कुठं जातंय ते बाण मारून, प्रत्येक पन्हळीला नंबर, प्रत्येक भेगेचा फोटो तारखेसकट. चुन्याच्या कामाचा दर काढून दे, गुळासकट. ऑफिसात सगळ्यात दुर्मिळ गोष्ट पैसा नसते, तयार एस्टिमेट असते. फेब्रुवारीच्या शेवटी कुणाच्या तरी हेडला पैसे उरलेले असतात आणि साहेब ओरडत असतात की कामं आणा, कामं आणा, त्या दिवशी ज्याच्या टेबलावर तयार फाईल असते त्याला पैसे मिळतात. आजपर्यंत ती फाईल कायम रंगरंगोटीची आणि कंपाउंड वॉलची निघाली, कारण तीच बनवायला सोपी. एकदा तरी पन्हळीची असू दे. आणि वर्षाच्या साफसफाईचं रेट कॉन्ट्रॅक्ट त्यातच घाल, तीन वर्षांचं, म्हणजे दिवाबत्ती लागली.

पोरगी वहीत लिहीत होती, मधेच थांबून म्हणाली, "काका, एस्टिमेट तुम्ही तपासाल का?"

बायको मिसळीच्या वाटीतनं वर न बघता म्हणाली, "झालं."

तर पुढच्या रविवारी परत जातोय. वॉकला नाही, त्या पिंपळाच्या इमारतीपाशी, पोरीनं बाहेरनं मोजमाप घ्यायची परवानगी काढलीय म्हणे, लेखी. मी जुना तीस मीटरचा टेप काढून ठेवलाय, पहिला फूटभर तुटलाय पण चालतोय. "अहो, रिटायर झालायसा की नाही नक्की?" असं घरातनं विचारणं झालेलं आहे. कुणाकडं बांबूची लांब शिडी असेल, वीस फुटाच्या वरची, तर कळवा, लोखंडी नको, दगडाला ओरखडे पडतात.